मृदा कार्बन

मृदेत सेंद्रिय पदार्थांच्या व कार्बोनेटांच्या स्वरूपात साठलेल्या कार्बनास मृदा कार्बन असे म्हणतात. वनस्पती, प्राणी व सूक्ष्मजीव यांच्या अवशेषांतून आलेला तो सेंद्रिय कार्बन आणि कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या कार्बोनेटांत बद्ध झालेला तो असेंद्रिय कार्बन, असे त्याचे दोन भाग पडतात. जमिनीची सुपीकता, पाणी धरून ठेवण्याची क्षमता व घडण ही पहिल्या भागावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असतात. कोरड्या हवामानातील जमिनी खराब होण्याशी दुसऱ्या भागाचा निकटचा संबंध असतो. मृदा कार्बनाच्या अभ्यासात रसायनशास्त्र, जीवविज्ञान, खनिजविज्ञान व कृषिविज्ञान यांचा समन्वय होतो. भारतात या विषयाचे बरेच संशोधन नागपूर येथे झाले असून विदर्भातील काळ्या मृदा हा त्याचा एक प्रमुख विषय आहे.

साठा : पृथ्वीवरील मृदांत १ मी. खोलीपर्यंत सु. १,५०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे. वातावरणात कार्बन डाय-ऑक्साइडाच्या रूपाने असलेला कार्बन ८५० अब्ज टनांहून अधिक, तर सर्व वनस्पतींतील मिळून सु. ४५० अब्ज टन आहे. म्हणजे मृदेतील सेंद्रिय कार्बन हा या दोहोंच्या बेरजेहून जास्त भरतो. त्यामुळे मृदेतील साठ्यात थोडीशी घट झाली, तरी वातावरणावर तिचा परिणाम होतो.

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोची स्थापना १९७६ मध्ये झाली. त्याचे मुख्यालय नागपूर येथे अमरावती मार्गावर आहे. देशभरच्या सर्वेक्षणातील मृदाछेदांच्या माहितीवरून या संस्थेतील टी. भट्टाचार्य, डी. के. पाल, सी. मंडल व एम. वेलायुथम यांनी २००० साली भारतीय मृदांतील कार्बनाचा अंदाज प्रसिद्ध केला. त्यानुसार वरच्या ३० सेंमी. थरात सु. ९.५ अब्ज टन सेंद्रिय व सु. ४ अब्ज टन असेंद्रिय कार्बन आहे. १५० सेंमी. खोलीपर्यंत मात्र सेंद्रिय कार्बन सु. ३० अब्ज टन व असेंद्रिय कार्बन सु. ३४ अब्ज टन आहे. वरच्या थरात सेंद्रिय कार्बन दुपटीहून अधिक आणि खोलवर असेंद्रिय कार्बन सरस, ही या आकड्यांतून दिसणारी गोष्ट महत्त्वाची आहे. तिचे कारण पुढे स्पष्ट केले आहे.

सेंद्रिय कार्बनाची निर्मिती व विघटन : वनस्पती प्रकाशसंश्लेषणाने हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडापासून सेल्युलोज, लिग्निन, प्रथिने इ. पदार्थ बनवितात. पाने, मुळे व मुळांतून पाझरणारे द्रव यांच्या रूपाने या पदार्थांचा काही भाग मृदेत येतो. जीवाणू व कवके यांचे विघटन करून ऊर्जा मिळवितात. या क्रियेत बहुतेक कार्बन कार्बन डाय-ऑक्साइडाच्या रूपाने हवेत परत जातो. उरलेला थोडा भाग सूक्ष्मजीवांच्या शरीरांत व त्यांच्या उत्सर्जित द्रव्यांत राहतो आणि मृत्तिकेच्या (चिकण मातीच्या) कणांना चिकटून टिकतो.

हा टिकाऊ भाग म्हणजे ह्यूमस. त्याचे प्रचंड व गुंतागुंतीचे रेणू मृदेतच घडतात आणि त्यांच्या रचनेमुळेच ते विघटनास दाद देत नाहीत, असे पूर्वी मानीत. २०११ नंतर प्रसिद्ध झालेल्या संशोधनामुळे या मतात बदल झाला आहे. कार्बन किती काळ टिकेल, हे रेणूच्या रचनेपेक्षा तो सूक्ष्मजीवांच्या हाती लागतो की नाही यावर अधिक ठरते, असे आता मानतात. मृत्तिकेच्या पृष्ठभागावर घट्ट बसलेला किंवा मातीच्या कणसमूहाच्या पोटात दडलेला साधा रेणूही शेकडो वर्षे टिकू शकतो. उलट, उघडा पडलेला लिग्निनासारखा जटिल पदार्थ काही वर्षांत नाहीसा होतो. नांगरटीने कणसमूह फुटतात, आतील द्रव्य उघडे पडते व कार्बन घटतो, या जुन्या अनुभवाचा उलगडा यावरून होतो.

विघटनाचा वेग ओलावा व तापमान यांवर अवलंबून असतो. ओलावा पुरेसा असेल, तर तापमान १० अंश से.ने वाढल्यास हा वेग सामान्यतः सु. दुप्पट होतो. विदर्भात उन्हाळ्यातील तापमान ४५ अंश से.च्याही वर जाते. परंतु त्या वेळी माती कोरडी असल्याने विघटन मंदावलेले असते. मृगाच्या पहिल्या पावसाने माती भिजताच सूक्ष्मजीवांची क्रियाशीलता एकदम वाढते, कार्बन डाय-ऑक्साइड मोठ्या प्रमाणावर बाहेर पडतो आणि त्याबरोबर नायट्रोजन पिकास उपलब्ध होतो. एच. एफ. बर्च यांनी १९५८ मध्ये पूर्व आफ्रिकेतील मृदांच्या अभ्यासातून हा परिणाम दाखविला व तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

काळ्या मृदेचा रंग व कार्बन : नागपूर जिल्ह्यात शेतकरी जमिनींचे काळी, मोरंड, खर्डी, बरडी असे प्रकार करतात. यांतील काळी ही सर्वांत खोल व चिकण. ती दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्ट खडकाच्या अपक्षयाने बनली असून तीत स्मेक्टाइट गटातील मृत्तिका खनिजे मुबलक असतात. ही खनिजे ओली झाली की फुगतात व वाळली की आकसतात. त्यामुळे उन्हाळ्यात जमिनीस खोल भेगा पडतात. [→ मृदा].

काळा रंग हे भरपूर सेंद्रिय द्रव्याचे लक्षण होय, असा सर्वसाधारण समज आहे. समशीतोष्ण कटिबंधातील गवताळ प्रदेशांच्या काळ्या मृदांविषयी (उदा., युक्रेनमधील चेर्नोझेम) तो खरा आहे. विदर्भातील लागवडीखालील काळ्या जमिनींत मात्र सेंद्रिय कार्बन बहुधा १ टक्क्याहून कमी व पुष्कळदा ०.५ टक्क्याच्या आसपास असतो. येथे थोडेसेच सेंद्रिय द्रव्य स्मेक्टाइटाच्या अतिसूक्ष्म कणांवर पातळ पसरून त्यांच्याशी घट्ट संयोग पावते व त्यामुळे सर्व मातीस गडद रंग येतो. म्हणून जमीन काळी आहे यावरून ती कार्बनाने समृद्ध आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. असा निष्कर्ष काढून सेंद्रिय खतात हात आखडता घेतला, तर जमिनीचे नुकसान होते आणि रंग मात्र तसाच राहतो.

या मृदांचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, भेगांत वरची माती पडते व जमीन फुगते तेव्हा ती खालच्या थरांत मिसळते. त्यामुळे सेंद्रिय कार्बन खोलवर पोहोचतो आणि त्याचे प्रमाण इतर मृदांप्रमाणे खोलीनुसार झपाट्याने घटत नाही.

असेंद्रिय कार्बन : पावसाचे पाणी व मुळांच्या श्वसनातून निघालेला कार्बन डाय-ऑक्साइड यांपासून कार्बॉनिक अम्ल बनते. खडकातील व मातीतील कॅल्शियम त्यामुळे बायकार्बोनेटाच्या रूपाने विरघळते. माती वाळली की दोन बायकार्बोनेट आयन व एक कॅल्शियम आयन यांपासून कॅल्शियम कार्बोनेटाचा साका बनतो आणि कार्बन डाय-ऑक्साइडाचा एक रेणू सुटा होतो. अशा तऱ्हेने मृदेतच बनलेल्या चुनखडीस मृदाजनित कार्बोनेट म्हणतात. काळ्या जमिनीत सापडणारे चुनखडीचे सर्वच खडे मात्र असे बनलेले नसतात. काही पूर्वीच्या काळी अन्यत्र बनून गाळाबरोबर वाहत आलेले असतात. मातीचे पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची तपासणी केली असता हा भेद स्पष्ट होतो.

कॅल्शियम कार्बोनेटाच्या वजनाचा १२ टक्के भाग कार्बन असतो. एखाद्या मातीत १० टक्के चुनखडी असेल, तर तीत १.२ टक्के असेंद्रिय कार्बन आहे, म्हणजे ०.५ टक्के सेंद्रिय कार्बनाच्या दुपटीहून अधिक. पण हा कार्बन सुपीकतेचा द्योतक नव्हे. वातावरणातून शोषलेला कार्बन म्हणूनही तो सरसकट जमेस धरता येत नाही. कॅल्शियम जुन्या चुनखडीतूनच आले असेल, तर विरघळताना घेतलेला कार्बन डाय-ऑक्साइड साका बनताना परत जातो व निव्वळ लाभ शून्य होतो. ते बेसाल्टातील सिलिकेट खनिजांतून आले असेल, तर मात्र दोन भागांपैकी एक भाग साठून राहतो.

विदर्भात पूर्वेकडून पश्चिमेकडे पाऊस कमी होत जातो. नागपूर येथे वार्षिक सरासरी सु. १,१०० मिमी., तर अकोला येथे सु. ८०० मिमी. पाऊस पडतो. हवामान जसजसे कोरडे, तसतसे मृदाजनित कार्बोनेटाचे प्रमाण वाढते. कॅल्शियम अशा रीतीने चुनखडीत अडकले की मृदाद्रवात व मृत्तिकेच्या पृष्ठभागावर सोडियमाचे सापेक्ष प्रमाण वाढते. सोडियमामुळे मृत्तिकेचे कण सुटे होऊन पसरतात, छिद्रे बुजतात व पाणी खाली मुरेनासे होते. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा म्हणून ओळखला जाणारा प्रदेश आहे. तेथील जमिनींच्या खालच्या थरांत ही क्रिया चालू असल्याचे नागपूरच्या ब्यूरोतील संशोधनाने दाखवून दिले. वरवर पाहता या जमिनी निर्दोष दिसतात. चोपण जमीन ठरण्यासाठी रूढ असलेल्या मर्यादेपेक्षा सोडियमाचे प्रमाण कमी असतानाही त्यांची पाणी वाहून नेण्याची क्षमता घटलेली असते. पावसाळा संपल्यावर कापूस व तूर ही पिके खालच्या ओलाव्यावर जगतात. पाणी मुळात खाली पोहोचलेच नसेल, तर ऐन बोंडे भरण्याच्या वेळी पीक कोमेजते. सिंचन नसलेल्या शेतकऱ्याचे त्या वर्षीचे उत्पन्न यावरच अवलंबून असते.

मृदेतील दोन्ही कार्बनांचा परस्परसंबंध येथे दिसून येतो. सेंद्रिय द्रव्य वाढले की मुळे व सूक्ष्मजीव यांचे श्वसन वाढते, अधिक कार्बॉनिक अम्ल बनते, चुनखडी विरघळते व मुक्त झालेले कॅल्शियम सोडियमाची जागा घेते. कॅल्शियम मृत्तिका व सेंद्रिय द्रव्य यांना जोडणारा दुवा असल्याने सेंद्रिय कार्बनही अधिक टिकतो. उलट, सेंद्रिय द्रव्य घटले की साका बनण्याची क्रिया बळावते. म्हणजे सेंद्रिय कार्बनाची घट व असेंद्रिय कार्बनाची वाढ या कोरड्या प्रदेशात बहुधा एकाच ऱ्हासाच्या दोन बाजू असतात. केवळ एकूण कार्बन मोजला, तर हा ऱ्हास वाढीसारखा दिसण्याचा संभव असतो.

मापन : सेंद्रिय कार्बन मोजण्याची सर्वाधिक प्रचारातील पद्धत ए. वॉक्ली व आय. ए. ब्लॅक यांनी १९३४ मध्ये सुचविली. तीत मातीच्या नमुन्यावर पोटॅशियम डायक्रोमेट व संहत सल्फ्यूरिक अम्ल यांची विक्रिया करतात. अम्लाच्या विरलनाने निर्माण होणाऱ्या उष्णतेत सेंद्रिय कार्बनाचे ऑक्सिडीकरण होते. उरलेले डायक्रोमेट फेरस अमोनियम सल्फेटाच्या विद्रावाने अनुमापून काढतात. या पद्धतीत सरासरी सु. ७७ टक्के कार्बनाचेच ऑक्सिडीकरण होत असल्याने उत्तरास सु. १.३ ने गुणावे लागते. चुनखडीतील कार्बन तीत मोजला जात नाही. त्यासाठी मातीवर अम्ल टाकून निघणारा कार्बन डाय-ऑक्साइड मोजतात. शेतावर विरल हायड्रोक्लोरिक अम्लाचे थेंब मातीवर टाकून ती फसफसते की नाही, एवढे पाहिले तरी चुनखडीचा अंदाज येतो.

भारतात मृदा परीक्षणासाठी ०.५ टक्क्याहून कमी सेंद्रिय कार्बन अल्प, ०.५ ते ०.७५ टक्के मध्यम व त्याहून अधिक भरपूर, अशी वर्गवारी सामान्यतः वापरतात. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत तपासावयाच्या १२ गुणधर्मांत सेंद्रिय कार्बनाचा समावेश आहे.

समस्थानिकांचा उपयोग : कार्बनाच्या १२, १३ व १४ या द्रव्यमानांकांच्या समस्थानिकांमुळे मृदेतील कार्बनाचा उगम व वय कळू शकतात. कापूस, तूर, सोयाबीन व साग यांच्या आणि ज्वारीच्या प्रकाशसंश्लेषणाचे मार्ग वेगळे आहेत. त्यामुळे प्रमाणित नमुन्याच्या तुलनेत पहिल्या गटाच्या ऊतकांत कार्बन-१३ हजारी सु. २७ ने कमी, तर ज्वारीत हजारी सु. १३ नेच कमी असतो. सागाचे जंगल तोडून ज्वारी पेरलेल्या जमिनीत हा आकडा कालांतराने २० वर आला, तर तेथील निम्मा सेंद्रिय कार्बन ज्वारीपासून आला आहे असे समजावे. उरलेला जंगलाच्या काळातील होय.

कार्बन-१४ हा किरणोत्सर्गी असून त्याचे अर्धायुष्य सु. ५,७३० वर्षे आहे. डब्ल्यू. एफ. लिबी यांनी १९४९ मध्ये प्रस्थापित केलेल्या कालनिर्णय पद्धतीने (या कार्याबद्दल त्यांना १९६० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले) खोल थरांतील सेंद्रिय द्रव्य व चुनखडी यांचे वय ठरविता येते. १९५० नंतरच्या अणुस्फोट चाचण्यांमुळे वातावरणातील कार्बन-१४ १९६३ च्या सुमारास जवळजवळ दुप्पट झाला होता. त्याचा मृदेतील शिरकाव मोजून अलीकडच्या कार्बनाच्या उलाढालीचा वेग काढतात.

कापसाचे पीक व कार्बनाचा ताळेबंद : नागपूरची वाढ बरीचशी कापसाच्या आधाराने झाली. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये तेथे सुरू झाली, तर शहरातील गांधीबाग हा भाग कापडाच्या घाऊक बाजारासाठी प्रसिद्ध आहे. गांधीबागेतील सुती कापड हे रसायनशास्त्राच्या दृष्टीने जवळजवळ शुद्ध सेल्युलोज असून त्याच्या वजनाचा सु. ४४ टक्के भाग कार्बन असतो. हा कार्बन जमिनीतून नव्हे, तर हवेतून आलेला असतो. त्यामुळे रुई बाजारात गेली म्हणून जमिनीचा कार्बन थेट कमी होत नाही. पाने, मुळे व पऱ्हाट्या यांतील किती कार्बन शेतास परत मिळतो, यावर साठ्याची वाढ वा घट ठरते.

याचा अंदाज साध्या हिशेबाने येतो. एक हेक्टर क्षेत्रातील ३० सेंमी. जाडीच्या मातीचे वजन, घनता दर घ. मी.स १.४ टन धरल्यास, ४,२०० टन भरते. तीत ०.५ टक्के सेंद्रिय कार्बन असल्यास एकूण कार्बन २१ टन होतो. समजा, हेक्टरी २ टन वाळलेल्या पऱ्हाट्या निघाल्या, त्यांत सु. ९०० किग्रॅ. कार्बन असतो. त्या शेतातच जाळल्यास तो जवळजवळ सर्व हवेत जातो. बारीक करून मातीत मिसळल्यास विघटनानंतर त्याचा दहावा हिस्सा टिकला असे धरले, तरी सु. ९० किग्रॅ. कार्बनाची भर पडते. २०१५ च्या पॅरिस हवामान परिषदेच्या वेळी फ्रान्सने मृदा कार्बन दरसाल हजारी चारने वाढविण्याचे उद्दिष्ट मांडले. वरील शेतासाठी ते वर्षाला ८४ किग्रॅ. होते. म्हणजे पऱ्हाट्यांची भर जवळजवळ तेवढीच आहे. परंतु मृदेत आधीपासून असलेल्या कार्बनाचेही दरवर्षी विघटन होत असल्याने ही भर निव्वळ वाढ नव्हे. ०.५ टक्क्याचे प्रमाण ०.६ वर नेण्यास हेक्टरी ४.२ टन कार्बन साठावा लागतो. हे काम एका-दोन हंगामांचे नाही, तर कित्येक वर्षांचे आहे.

पऱ्हाट्या मातीत मिसळण्यात काही व्यावहारिक अडचणीही आहेत. ग्रामीण भागात त्या चुलीचे जळण म्हणून लागतात. त्या शेतात तशाच राहिल्या, तर गुलाबी बोंडअळीस आश्रय मिळतो. शिवाय त्यांत कार्बनाच्या मानाने नायट्रोजन फार कमी असतो. ह्यूमसमध्ये कार्बन व नायट्रोजन यांचे प्रमाण सु. १० ते १२ : १ असते, तर पऱ्हाट्यांत ते त्याच्या कित्येक पट असते. म्हणून कच्च्या पऱ्हाट्या मिसळल्यास सूक्ष्मजीव मातीतील नायट्रोजन ओढून घेतात आणि पीक काही काळ पिवळे पडते. शेणखत वा नायट्रोजनयुक्त खत घालून त्या आधी कुजविणे किंवा ताग, धैंचा यांसारखी हिरवळीची पिके घेणे हे यावर उपाय होत. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाट्यांपासून तक्ते बनविण्याचे तंत्र विकसित केले आहे. तक्त्यांतील कार्बन जळण्यापासून वाचतो, पण जमिनीस मिळत नाही.

मर्यादित हवेत पऱ्हाट्या तापवून बनविलेल्या कोळशास जैवकोळसा म्हणतात. त्यात मूळ कार्बनाचा निम्म्याच्या आसपास भाग उरतो व तो मातीत दीर्घकाळ टिकतो. अ‍ॅमेझॉन खोऱ्यातील मानवनिर्मित काळ्या मृदा ही याची प्राचीन उदाहरणे आहेत. परंतु तेथील मूळ मृदा अम्लीय आहेत. जैवकोळसा बहुधा क्षारीय असल्याने विदर्भातील आधीच क्षारीय व चुनखडीयुक्त मृदांत त्याचा तसाच लाभ होईल, असे गृहीत धरता येत नाही.

संशोधन व उपाययोजना : सेंद्रिय कार्बनात होणारे बदल मंद असल्याने दीर्घकालीन प्रयोगांना विशेष महत्त्व आहे. इंग्लंडमधील रॉथॅम्स्टेड येथे १८४३ पासून चालू असलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. भारतात दीर्घकालीन खत प्रयोगांची समन्वित योजना १९७० मध्ये सुरू झाली. तीत अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात काळ्या जमिनीवर ज्वारी-गहू या पीकक्रमाचा अभ्यास होतो. शिफारशीतील रासायनिक खतांबरोबर शेणखत दिल्यास सेंद्रिय कार्बन व उत्पादन ही दोन्ही केवळ रासायनिक खतांपेक्षा सरस राहतात, असे या प्रयोगांतून सामान्यतः दिसून आले आहे.

जंगल, फळबाग व शेती यांखालील काळ्या मृदांची तुलना नागपूरच्या ब्यूरोतील संशोधकांनी केली. प्रत्येक वापरात सेंद्रिय कार्बन कालांतराने एका ठराविक पातळीवर स्थिरावतो, या कल्पनेवर हा २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आधारलेला आहे. जमिनीचा वापर बदलला की ही पातळी बदलते. जंगलाखाली ती उंच व वरचेवर नांगरल्या जाणाऱ्या शेतात खाली असते.

मृदाच उरलेली नाही अशा ठिकाणी कार्बनाची साखळी नव्याने सुरू करण्याचा प्रयत्नही नागपूर जिल्ह्यात झाला आहे. राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (नीरी, स्थापना १९५८) गुमगाव येथील मँगॅनीज खाणीच्या ओसाड ढिगाऱ्यावर साखर कारखान्यांतील प्रेसमड, नायट्रोजन स्थिर करणारे जीवाणू व मुळांशी सहजीवन करणारी कवके यांच्या साहाय्याने झाडे वाढविली. केवळ रोपे लावून असे ढिगारे हिरवे होत नाहीत. आधी सेंद्रिय द्रव्य व सूक्ष्मजीव यांची सोय करावी लागते, हे या कामाने दाखविले.

काळ्या मृदांत सेंद्रिय कार्बन टिकविण्यासाठी अनावश्यक नांगरट टाळणे, पिकांचे अवशेष जाळण्याऐवजी कुजवून परत देणे, द्विदल पिकांचा फेरपालटात समावेश करणे, बांधबंदिस्तीने धूप रोखणे आणि चोपण होऊ लागलेल्या जमिनींत जिप्समाबरोबर सेंद्रिय खत देणे हे मार्ग सुचविले जातात. यांचा परिणाम पाहण्यासाठी सेंद्रिय व असेंद्रिय कार्बन वेगवेगळे आणि वरच्या थराबरोबरच खालच्या थरांतही मोजणे आवश्यक आहे. [→ कार्बन, मृदा संधारण].